साध्या रो-हाऊसचा दर्शनी भाग कसा सुधारावा

रो-हाऊसच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्यामुळे घराचे सारे रूप समोरच्या एकाच भिंतीवर अवलंबून असते. नाशिकच्या सिडको वसाहतीसारख्या जुन्या रांगांतून फिरताना लक्षात येते की, घरांना अवकळा येते ती बहुधा कठड्यापासून खाली उतरलेल्या काळ्या ओघळांमुळे. हे ओघळ कायम ठेवून वर रंग दिला, तर एक-दोन पावसाळ्यांत ते पुन्हा उमटतात.

म्हणून पाऊस संपताच, रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी, पाण्याची वाट बदलावी. कठड्याच्या माथ्याला गच्चीकडे उतार द्यावा, भेगांतून उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढावीत, आणि छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेलगत बोटभर रुंदीची खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न सरकता तिथूनच ठिबकते. एसीच्या नळीचे पाणीही पाइपाने खालपर्यंत आणावे. त्यानंतर शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून भिंत धुवावी, ती पूर्ण वाळू द्यावी, भेगा बुजवाव्यात आणि प्रायमरवर बाहेरच्या भिंतींसाठीच्या इमल्शनचे दोन हात द्यावेत. रंगाची निवड कार्डावरून करू नये. भिंतीवरच दोन-तीन फुटांचे पट्टे मारून ते सकाळी आणि भर दुपारी, शेजारच्या घराच्या रंगासह पाहावेत. रांगेतल्या घराला भडक रंग क्वचितच शोभतो, असे माझे मत आहे.

लोंबत्या केबल आणि निकामी झालेली डिश काढण्यास फारसा खर्च येत नाही. फाटकाचा गंज पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइड लावून, मग गडद ऑइलपेंट द्यावा.

पुढच्या अंगणात सगळीकडे फरशी घालण्याचा मोह टाळावा. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत शहाबादी फरशीची वाट पुरते आणि उरलेल्या मातीत पारिजातक किंवा जास्वंद लावता येते. भरपूर ऊन असेल तर बोगनवेल उत्तम, मात्र ती काटेरी असल्याने येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर लावावी. पोर्च जाळीने किंवा पत्र्याने बंदिस्त केल्यास घर अंधारे दिसते, शिवाय त्यासाठी परवानगीही लागू शकते.

शेवटी घराचा क्रमांक फाटकावरूनच वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावा आणि त्यावर पिवळसर प्रकाशाचा एकच दिवा असा बसवावा, की त्याचा झोत समोरच्यांच्या खिडकीत जाणार नाही.