पाच बाय साडेसात फूट

एका माणसाच्या गोधडीचं माप ६० बाय ९० इंच. म्हणजे पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब. शिकायला येणाऱ्या बायका मला सुईचा नंबर विचारतात, मशीन कुठलं घेऊ विचारतात, कापडाचं दुकान विचारतात. मी उलट विचारते, घरात एवढी जमीन मोकळी मिळेल का? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

भांडुपच्या माझ्या वन बीएचकेमध्ये ती अकरा ते दोन एवढाच वेळ माझी असते. टीपॉय उभा करून भिंतीला टेकवायचा, खुर्च्या स्वयंपाकघरात, लादी पुसून खडखडीत वाळू द्यायची आणि मग गोधडी पसरायची. दोनला मुलगी कॉलेजातून येते, तिला पाय ठेवायला जागा लागते. गेली चौदा वर्षं माझं सगळं काम या तीन तासांत बसवलेलं आहे. त्यामुळे नव्या माणसाला मी जे सांगणार, त्यातलं निम्मं जागेबद्दलच असणार.

आईला ही अडचण नव्हती असं नाही. लालबागला दहा बाय बाराची खोली आणि माणसं सात. पण चाळीला गॅलरी होती. मे महिन्याच्या दुपारी शेजारणींना विचारून आई तिथे जुनं लुगडं अंथरायची. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा. मधे वडिलांचे लेंगे, फाटक्या चादरी, आमचे गणवेश. येणारे-जाणारे भिंत धरून एका कडेने जायचे, कुणी कुरकुरत नसे, कारण पुढच्या आठवड्यात त्यांचीच गोधडी असायची. वडील गिरणीत होते तोवर घरात कटपीस असत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तेव्हापासून गोधड्या निव्वळ जुन्या कपड्यांच्या. दारात बोहारीण आली की आईची तिच्याशी जुंपायची. पातेल्याच्या बदल्यात ती नेमक्या ज्या साड्या मागे, त्याच आईला गोधडीत घालायच्या असत. मऊ झालेलं सुती कापड दोघींनाही लांबून ओळखू यायचं.

सासर तासगावकडचं. तिथे हिलाच वाकळ म्हणतात. सासूबाईंच्या मते आमची कोकणातली गोधडी म्हणजे जाडसर ओढणी. वाकळ अशी हवी, की एकदा अंगावर घेतली की कूस बदलता येऊ नये. मुंबईत मात्र तेवढी वजनदार कुणी मागत नाही. इथे पंखा चालू ठेवून पांघरायची असते.

आता चुकांकडे येते. आई टाका कडेपासून सुरू करायची आणि चौकोनी फेऱ्या मारत मध्यावर यायची. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत येतात आणि चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. मीही पहिली गोधडी तशीच शिवायला घेतली. फक्त आत जुन्या कपड्यांऐवजी बाजारातलं पॉलिस्टरचं वॅडिंग, म्हणजे तयार भरण, घातलं, हलकं म्हणून. मध्यावर पोहोचले तेव्हा तिथे पापड तळल्यासारखे फुगे आले होते. कारण साधं आहे. चार-पाच थर जुनं सुती कापड एकमेकांना धरून राहतं, वॅडिंग घसरतं. कडेने शिवत आलं की जास्तीचं कापड आत ढकललं जातं आणि शेवटी त्याला जायला वाट उरत नाही. वॅडिंग असेल तर मध्यापासून बाहेर शिवत जायचं, आणि त्याआधी सगळ्या गोधडीवर वीतभर अंतराने कच्चा टाका घालायचा. हा कच्चा टाका कंटाळवाणा आहे. माझ्याकडच्या प्रत्येक बॅचमध्ये दोघीतिघी तो गाळतात, आणि त्या दोघीतिघीच पुढच्या आठवड्यात उसवत बसतात.

जागा नसेल त्यांनी चौकोनांनी काम करावं. बारा-बारा इंचांचे ३५ चौकोन, पाच रुंदीला आणि सात लांबीला. ६० बाय ८४ झालं. वरखाली तीन-तीन इंचांची पट्टी लावली की ९० भरले. प्रत्येक चौकोनाला त्याचं त्याचं भरण आणि अस्तर लावून तो मांडीवर शिवून संपवायचा. सगळे झाले की जोडायचे आणि मागच्या जोडावर पट्टी मारायची. पूर्ण जमीन फक्त रंग मांडून बघताना आणि शेवटी जोडताना लागते. मधले दोन महिने गोधडी पिशवीत मावते. दुपारच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली तर ठाणे ते दादर एका चौकोनाचा एक कोपरा होतो. टाके सरळ येत नाहीत, पण मला ते चालतात.

हे चौकोन एकमेकांशी जुळायला शिलाई सारखी यावी लागते आणि नव्या माणसाचं घोडं इथेच अडतं. शिलाई, म्हणजे कापडाच्या कडेपासून टाक्यापर्यंतचं अंतर, पाव इंचाची, सुतारकामाच्या भाषेत दोन सूत. पहिल्या दिवशी मी दीड इंच रुंदीच्या आठ पट्ट्या कापायला आणि शेजारी-शेजारी जोडायला लावते. बरोबर शिवलं तर रुंदी साडेआठ इंच भरते. शिलाई नुसती अर्ध्या सुताने जास्त गेली तरी प्रत्येक जोडात दोन्ही पट्ट्यांचं मिळून एक सूत जातं, सात जोडांत मिळून सात सूत कापड गायब होतं, म्हणजे जवळजवळ इंचभर. दहा-दहा वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बायकांचीही पहिली पट्टी चुकते. ब्लाउजमध्ये माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, ठेवता येते, इथे सोय नाही. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून चालवा, यापेक्षा महागडं काही लागत नाही. पाय-मशीन असेल तर तेच ठेवा. मी नऊ वर्षं आईच्याच मशीनवर शिवलं.

कापडासाठी मी मंगलदास मार्केटला जाते. दादरला आणि हिंदमातालाही मिळतं, पण मंगलदासच्या गल्ल्यांत एकाच फेरीत मलमल, केंब्रिक, पॉपलीन सगळं हाताला लागतं. तिथे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नका. ३६ इंच पन्ह्याचं आणि ४४ इंच पन्ह्याचं कापड मीटरच्या एकाच भावात मिळालं तर ती एकच किंमत नव्हे. सुती म्हणून विकलेलं कापड सुती आहे का, हे कडेचा एक धागा जाळून कळतं. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. घरी आणल्यावर आधी धुवा. लाल, मरून आणि निळी वेगळी भिजवा, पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघा. रंग लागतोय असं दिसलं तर ते कापड गोधडीत घालू नका, कितीही आवडलं असलं तरी. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. माझ्या एका पिवळ्या गोधडीवर त्या विश्वासाचे गुलाबी डाग आहेत.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत वेगळाच संसार. सुया गंजतात, वॅडिंगला वास येतो, धुतलेलं वरून वाळतं आणि आतून ओलं राहतं. चपलांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी सुयांच्या डबीत टाकते. पावसाळ्यात पूर्ण गोधडी धुवायची नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

आता ज्या कामावर माझं घर खरं चालतं ते सांगते. बारशाची दुपटी, ३६ बाय ४५ इंचांची. ती वर्षभर जातात. आणि दुसरं, गेलेल्या माणसाच्या साड्यांची गोधडी. आजी गेली, तिच्या सहा-सात साड्या कपाटात आहेत, नेसवत नाहीत आणि टाकवत नाहीत. अशी माणसं पिशवी घेऊन येतात आणि पहिला अर्धा तास कापडाबद्दल बोलतच नाहीत. ऐकून घ्यावं, तोही कामाचाच भाग आहे. पण नंतर वही काढावी. एका बाईंनी आईची मोतिया रंगाची साडी दिली होती. मी पदर कापून चौकोनांत विभागला, कारण नक्षी तिथे होती. त्यांना पदर अखंड हवा होता. त्यांनी ते सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. गोधडी त्यांनी नेली, पैसे पूर्ण दिले, आणि मला आजही त्यांचा चेहरा आठवतो. तेव्हापासून कात्री लावायच्या आधी प्रत्येक साडीचा फोटो काढते, फोटोवर कुठे कापणार ते आखते आणि गिऱ्हाइकाचं ‘हो’ लिहून घेते. जुनी रेशमी साडी घडीवर विरलेली असते. तिला आतून मलमलीचं अस्तर देऊनच शिवावं, नाहीतर वर्षभरात टाक्याच्या रेषेवर फाटते.

किमतीचं बोलू. माझी पहिली गोधडी २,५०० रुपयांना गेली. मी सोसायटीभर पेढे वाटले. मग मुलीने हिशेब मांडला. कापड, दोरा, वॅडिंग मिळून १,४०० गेले होते आणि मी ७० तास बसले होते. तासाला सोळा रुपयेही पडत नव्हते. तेव्हापासून भिंतीवर कॅलेंडरशेजारी वही टांगलेली आहे, बसले की वेळ लिहायची, उठले की लिहायची. हाताने शिवलेल्या मोठ्या गोधडीची ऑर्डर मी आता वर्षाला चारपाचच घेते.

“पण ही जुन्या कपड्यांचीच आहे ना?” हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात येतो. पूर्वी मला राग यायचा. आता मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावाची गोष्ट सांगते. तिथल्या काळ्या बायकांनी शेतातल्या कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली संग्रहालयात लागल्या, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातही गेल्या, आणि २००६ साली तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. गिऱ्हाईक यावर मान डोलावतं. विकत घेतंच असं नाही.

प्रदर्शनाला नेताना गोधडीची घडी घालू नका. कापडाच्या दुकानात ताग्याची पुठ्ठ्याची नळी टाकून देतात, ती मागून आणा आणि तिच्यावर गुंडाळा. फक्त ही पाच फुटांची नळी घेऊन सकाळी आठला भांडुपहून लेडीज डब्यात चढायचा प्रयत्न करू नका. मी एकदा केलाय. नळी आत गेली, मी फलाटावर. पुढच्या स्टेशनावर एका मावशींनी ती उतरवून पोलिसांकडे दिली आणि मला अर्धा तास समजावून सांगावं लागलं की आत गालिचा नाही, बंदूक तर नाहीच नाही. अकरानंतर निघा.

टांगायची असेल तर मागे वरच्या कडेला चार इंच रुंद कापडी नळी हाताने शिवा आणि तिच्यातून लाकडी दांडी घाला. चिमटे आणि खिळे लावले की वजनाने कापड ताणतं. भिंत बघताना वरही बघा. माझी एक गोधडी एका हॉलमध्ये एसीखाली लावली होती, दुसऱ्या दिवशी तिच्यावर तपकिरी ओघळ होते. आयोजकांनी खांदे उडवले. त्याचं काही लेखी नव्हतंच, मग भांडणार कशाच्या जोरावर? मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव १९९९पासून भरतो, तिथे स्टॉल हवा असेल तर काही महिने आधी अर्जाच्या मागे लागावं लागतं. पहिल्या वर्षी मात्र सोसायटीचं किंवा शाळेचं छोटं प्रदर्शनच बरं. लोक कशाला हात लावतात आणि कशापुढून न थांबता जातात, हे तिथे फुकट कळतं.

शिकवणं मला ठरवून जमलेलं नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, काकू आम्हालाही दाखवा, तेव्हा सहा जणी जमल्या. आता सोसायटीच्या हॉलमध्ये चार रविवारांची बॅच असते, एका वेळी आठ जणी, त्याहून जास्त नाही. नवव्या बाईची पट्टी मला दिसत नाही. पहिला तास उसवण्याचा असतो. मी आधीच शिवून आणलेले तुकडे देते आणि कापड न फाडता टाके काढायला लावते. काहींना हा अपमान वाटतो. रीतसर शिवणकामाचा पाया हवा असेल तर आयटीआयमध्ये एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. वस्त्रांचं पदवीपर्यंतचं शिक्षण एसएनडीटी महिला विद्यापीठात मिळतं. माझ्याकडे प्रमाणपत्र मिळत नाही हे मी पहिल्याच फोनवर सांगते.

परवा एका मुलीने विचारलं, ताई, आमच्या घरात खरंच पाच बाय साडेसात मोकळं नाही, आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. मी तिला म्हटलं, बारा इंच तर असेल? ती काल दोन चौकोन घेऊन आली. एकाची शिलाई बरोबर होती, दुसऱ्याची एक सूत जास्त. तो दुसरा तिने परत नेला आहे, उसवायला. पुढच्या रविवारी हॉल गणपतीच्या मीटिंगला दिलाय, त्यामुळे तिला अकरा ते दोनमध्ये माझ्याकडेच बोलावलं आहे.