मीच शिकवलं त्याला किंचाळायला

दिव्यांग लेकरांना शिकवायचं स्पेशल डी.एड. झालं, त्यासाठी लागणारा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आला आणि लातूर जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत ऑर्डर मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शब्द बदलले तरी गावात अजून 'मतिमंद शाळा'च म्हणतात. माझ्या वर्गाच्या पटावर अकरा लेकरं. आयईपी, म्हणजे एकेका लेकराचा वेगळा शिक्षण आराखडा, कसा लिहायचा, टाचण कसं काढायचं हे तुम्ही नवे शिक्षक शिकूनच आला असाल. मला सांगायचंय ते एका लेकराबद्दल, कारण त्याच्यापायी माझं पहिलं अख्खं सत्र वाया गेलं.

त्याला पिंट्या म्हणू. वय दहा, बोलणं दोन-तीन शब्दांचं. सकाळी मणी ओवायला बसवला की पाच-सात मणी व्हायचे, मग मान मागं टाकून किंचाळी आणि ताट भिरकावलेलं. मणी फरशीभर. एक पोरगी कान दाबून कोपऱ्यात, दुसरा त्याचं बघून ओरडायलाय. मी शाळेतल्या मदतनीस मावशींना हाक मारायची, "घ्या याला बाहेर." कडुलिंबाखाली दहा मिनिटं. टाइम-आउट म्हणतात याला, थोडा वेळ वर्गाबाहेर काढणं. पुस्तकात होतं आणि वर्ग शांतही व्हायचा, म्हणून मला वाटलं, जमलं.

दिवाळीपर्यंत पाच-सातचे दोन मणी झाले. पुढं नुसतं ताट दिसलं तरी किंचाळी. मी डॉक्टरकडं न्यायच्या गोष्टी करायला लागले. शेवटी मावशीच बोलल्या, "बाई, लिंबाखाली गेलं की गप होतंय ते. डोळ्यात पाणी न्हाई, काई न्हाई. मुंग्या बघत बसतंय. तुमी त्याला सुट्टी द्यायलाव."

सुट्टी! खरंच होतं ते. लेकरू किंचाळतं ते चारातल्या एखाद्या कारणानं: कुणीतरी बघावं म्हणून, काही हवंय म्हणून, समोरचं नको म्हणून, नाहीतर अंगालाच ते बरं वाटतं म्हणून. किंचाळी चारही वेळा सारखीच ऐकू येते. बघावं म्हणून ओरडत असेल तर तुमचं रागावणं हेच त्याचं बक्षीस. काम नको म्हणून ओरडत असेल तर बाहेर काढणं हे बक्षीस. वर्गात त्याच्या आवडीचं काही चाललेलं असेल तरच बाहेर जाणं त्याला जड जाणार ना? पिंट्याला मणी नको होते. त्याला सुटका मिळायची आणि मला शांतता. दोघंही खूश, म्हणून तर महिनोन्‌महिने चाललं. बरं, त्याचे आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते, पोरगं त्यानंही बिथरलेलं असणार. ते मी विचारलंसुद्धा नव्हतं.

गंमत म्हणजे माझ्याकडं कागद सगळे होते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची ती वर्तनाची मापनसूची असते ना, तिच्या दुसऱ्या भागातली पंचाहत्तरच्या पंचाहत्तर त्रासदायक वर्तनं मी गुण देऊन भरली होती. पण 'नंतर त्याला काय मिळालं?' हा प्रश्न मनात आला नाही. साधी वही घ्या, तीन रकाने पाडा: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय मिळालं. माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यात ओळीनं नऊ दिवस 'बाहेर नेले' निघालं असतं.

मग मणी एकच ठेवला. लिंबाचा फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवला. तो ओवला की, ताटाला हात लागायच्या आत, त्याचाच हात धरून ते कार्ड माझ्या हातात द्यायला लावायचं आणि लगेच सोडायचं, दोन मिनिटं. लगेच म्हणजे लगेच. "थांब, अजून एक मणी" म्हणालात की कार्डावरचा त्याचा विश्वास उडाला. पहिल्या आठवड्यात तो दर पाच मिनिटांनी कार्ड आणायचा. हेडसर म्हणाले, हे काय चालवलंय? चालू द्या. पंधरा दिवसांनी चार मणी, मग सहा.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा. किंचाळून सुटका मिळेनाशी झाली की पहिले काही दिवस किंचाळी वाढते. तिसऱ्या दिवशी तुम्ही वाकलात तर जास्त जोरात किंचाळायला शिकवलंत. म्हणून तपासणीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात हे सुरूच करू नका. आणि कार्यशाळेतले पीपीटीवाले सांगतात ते 'दुर्लक्ष करा' लेकरू डोकं आपटत असताना चालत नाही. मधे उशी घाला, हात घाला, फक्त बोलू नका.

बिस्किटाच्या आणि मोबाइलच्या बक्षिसावर माझा विश्वास नाही. दोन्ही त्या दिवसापुरते. 'एक चापट द्या, सुधारतंय' म्हणणारे सीनियर प्रत्येक शाळेत भेटतात. त्यांना शिक्षण हक्क कायद्याचं, मारायला बंदी करणारं कलम १७ दाखवायच्या फंदात पडू नका, नुसतं त्यांच्यासारखं वागू नका. शिकायचं असेल तर मावशीजवळ बसा. लेकरू रात्री झोपलं का, पोट साफ झालं का, कान दुखायलाय का, हे तिलाच माहीत असतं, आणि अचानक बिघडलेल्या लेकराचं निम्मं कारण तिथंच सापडतं. फिट आली तर मात्र मावशीचं ऐकू नका. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटं उलटली की १०८.

पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी वाटेल की आपल्याला हे जमणारं नाही. मलाही वाटायचं, बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसायची मी. तुमचं काही चुकलंय असं नाही त्यात. अकरा लेकरं, एक बाई आणि एप्रिलात दुपारी गेलेली लाइट, एवढं पुरतं.

गेल्या महिन्यात नवीन आलेल्या पोरीनं पाटी आपटली आणि माझ्या तोंडून आलंच, "मावशी, घ्या हिला बाहेर." मावशी जागच्या हलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.