पाईपलाईनच्या कामाला लागायचंय? रबर रिंग बसवायला शिका

गणेश चतुर्थी उरकली की मुकादमाला गाठा. भर पावसात रस्ते खणायची कामं थांबलेली असतात, तेव्हा खेटे घालून उपयोग नाही. वय १८ पूर्ण, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, गमबूट. 'आयटीआय केल्याशिवाय कोणी घेत नाही' हे सांगणाऱ्याने कधी घमेलं उचललेलं नसतं. हेल्परला पाठ शाबूत लागते.

सुरुवातीला टिकाव, फावडं, भराव. चर दीड मीटरहून खोल असेल आणि कडांना टेकू नसेल, तर उतरू नका. आपल्याकडचा चिरा (जांभा दगड) वरून भक्कम दिसतो, खालची मऊ माती कधी सुटेल सांगता येत नाही. नाही म्हटलं म्हणून माझी एका दिवसाची हजेरी गेली. गेली तर गेली.

आता खरं काम. डीआय पाईपचा (डक्टाईल आयर्न, म्हणजे लोखंडी पाईपचा) जॉइंट मला पहिल्या हंगामात जमलाच नाही. टेस्टिंगला पाणी सोडलं आणि माझाच जॉइंट फुस्स! पुरलेला पाईप परत उकरला. कारण काय, तर सॉकेटच्या, म्हणजे पाईपच्या रुंद तोंडाच्या, रबर रिंग बसते त्या खाचेत चिमूटभर लाल माती.

म्हणून खाच फडक्याने पुसा, मग बोट फिरवून बघा. रिंग पत्त्यातल्या बदामासारखी दुमडून आत सोडा आणि चारी बाजूंनी दाबा. कुठेही फुगवटा राहता कामा नये. वंगण कंपनी देते तेच लावा. ग्रीस किंवा जळकं ऑईल लावा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, त्याने रबर फुगून खराब होतं. पाईप कापलेला असेल तर तोंडाची धार ग्राइंडरने उतरवा, नाहीतर ती रिंग चिरते. पाईप किती आत जायला हवा ती खूणही नव्याने करा.

ढकलताना पाईप सरळ रेषेत हवा. लहान पाईपला लाकडी ठोकळा आणि पहार पुरे, मोठ्याला चेन पुली. जेसीबीच्या बकेटने धक्का देणं मला अजिबात पटत नाही. झटक्याने रिंग आत गुंडाळली जाते आणि बाहेरून काही कळत नाही. खूण सॉकेटच्या तोंडाशी आली की थांबा. मग पातळ पत्ती फटीत घालून गोल फिरवा. एका जागी जास्त आत गेली, तर रिंग सरकली. पाईप बाहेर काढा, मुकादम कितीही ओरडू दे. वळण द्यायचं ते जॉइंट बसल्यावर, तेही थोडंच.

भराव सोपा: पाईपला टेकून दगड नको.

आणखी एक. बांधकाम कामगार म्हणून नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो काम चालू असतानाच घ्या. नंतर ठेकेदाराचा फोन लागत नाही.