हॉट टब घरी येण्याआधी वायरिंगची आखणी कशी करावी

टब ठरवताना विक्रेत्याकडे आधी त्याच्या नेमप्लेटचा फोटो मागा. कॅटलॉगवर भागवू नका. व्होल्टेज, फेज, किलोवॅट आणि कमाल अँपिअर हे चार आकडे त्या पट्टीवर असतात आणि पुढचं सगळं काम त्यांवरच ठरतं. परदेशातून मागवलेला टब असेल तर जास्तच जपा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज येते, तर अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेल्या टबच्या मोटरी ६० हर्ट्झच्या असतात. त्या इथे हळू फिरतात आणि तापतात.

आता हिशेब. बंगल्याच्या मागे चारपाच जणांचा, साधारण १००० लिटरचा टब बसवायचा आहे असं धरू. हीटर ३ किलोवॅटचा, जेटचा पंप २ किलोवॅटचा, ब्लोअर आणि बाकीचं मिळून अर्धा. एकूण साडेपाच किलोवॅट, म्हणजे जवळपास २४ अँपिअर. गिझरचा १६ अँपिअरचा पॉइंट याला पुरणार नाही. काही टबांमध्ये जेट चालू असताना हीटर बंद ठेवायची सोय असते, त्यामुळे टब कमी अँपिअरवर चालतो, पण पाणी तापायला वेळ लागतो. १००० लिटर पाणी २३ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला साडेसतरा युनिट लागतात. ३ किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी सहा तास, आणि झाकण नसेल तर त्याहून जास्त. थंडीत टब रोज वापरणार असाल तर वीजबिल वरच्या स्लॅबमध्ये जाईल, हे घरात आधीच बोलून घ्या.

यानंतर वीजबिल काढून त्यावरचा मंजूर भार बघा. दोन एसी, गिझर, पाण्याची मोटर आणि वर हा टब, हे सगळं त्या भारात बसत नसेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज टब येण्याआधीच करा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून ठेकेदार आत्ताच ठरवा. थ्री फेज घेतलात तर टब सर्वांत कमी लोड असलेल्या फेजवर टाकायला सांगा.

अर्थिंगवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. ओल्या अंगाला शॉक जोरात बसतो आणि टबमध्ये माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असतो. आपल्याकडे बहुतेक बंगल्यांना अर्थ आपल्याच आवारातल्या खड्ड्यातून मिळतो. त्या खड्ड्याचा रोध ५ ओहम धरा. फेज टबच्या बॉडीला लागला तर अर्थमधून फार तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, एवढ्या करंटला कितीतरी वेळ पडतच नाही आणि तोवर बॉडीत वीज राहते. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा.

म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणारा स्विच, हवीच. जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. गळती ३० मिलिअँपिअर झाली की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडते. टबसाठी वेगळी आरसीसीबी ठेवा, घरातल्या दिव्यांशी वाटून घेऊ नका. टबमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतात, त्यामुळे 'टाइप ए' मागा, साधी 'एसी' नको. ओव्हरलोडसाठी एमसीबी लागतेच, कारण ते काम आरसीसीबीचं नाही.

एका फार्महाऊसवर पाहिलेलं सांगतो. टब नवा, पण रोज संध्याकाळी आरसीसीबी पडायची. कंटाळून वायरमनने ती बायपास केली आणि पोरं त्याच पाण्यात खेळत राहिली. शोधल्यावर कळलं की बागेतल्या दिव्यांचा न्यूट्रल टबच्या न्यूट्रलला जोडला होता. दिवे लागले की जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटचा हिशेब चुकायचा आणि आरसीसीबी पडायची. ती पडते म्हणजे ती काहीतरी सांगत असते. टबचा न्यूट्रल आरसीसीबीपासून टबपर्यंत एकटाच गेला पाहिजे. न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो म्हणणाऱ्या वायरमनला काम देऊ नका. न्यूट्रल तुटला तर अख्ख्या टबची बॉडी फेजवर येते.

खड्ड्याचा रोध मे महिन्यात, जमीन सुकलेली असताना मोजून घ्या, कारण पावसाळ्यात मोजलेला आकडा फसवतो. कोकणात जांभ्यात अर्थ लागायला अवघड जातं. एका खड्ड्यावर भागत नाही, दोनतीन इलेक्ट्रोड अंतर ठेवून पुरून एकमेकांना जोडावे लागतात. समुद्राजवळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची पट्टी लवकर गंजते, तिथे तांबं वापरा. टबजवळचं लोखंडी रेलिंग, शिडी, पाण्याचे धातूचे पाइप हे सगळं तांब्याच्या वायरने टबच्या अर्थला जोडा. एका हाताने रेलिंग धरून दुसरा पाण्यात घातला तरी दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक राहता कामा नये.

केबल डीबीपासून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीपासून, थेट टबपर्यंत, मध्ये जोड न देता टाका. अंतर टेपने मोजा आणि वळणं धरा. २५ अँपिअर ३० मीटरवर न्यायचे तर ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत ७ व्होल्टच्या वर घट होते, ६ एमएममध्ये ५ व्होल्ट, १० एमएममध्ये ३. गावाकडे व्होल्टेज संध्याकाळी आधीच उतरलेलं असतं, तिथे मी ६च्या खाली जात नाही आणि अंतर जास्त असेल तर १० घेतो. जमिनीतून नेताना आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल चरात घाला, खालीवर वाळू, वर विटा आणि धोक्याची पट्टी. माळ्याची कुदळ त्या पट्टीला आधी लागली पाहिजे.

टबची जागा ठरवताना मान वर करून बघा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर टबवरून जात असेल तर टब सरकवा. गच्चीवर बसवणार असाल तर १००० लिटर म्हणजे एक टन पाणी, त्यावर माणसांचं वजन. स्लॅबचं काम इंजिनियरला विचारा.

आयसोलेटर, म्हणजे टबची वीज पूर्ण तोडणारा स्विच, टबजवळून दिसेल असा, पण पाण्यात बसून हात पोचणार नाही असा, निदान दोन मीटर लांब बसवा. त्या दोन मीटरमध्ये सॉकेट, स्विच, एक्स्टेंशन बोर्ड काहीच नको. दिवा हवाच असेल तर १२ व्होल्टचा आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर लांब. आयसोलेटरचा डबा आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याची धार आत न जाणारा घ्या, केबल खालून ग्लँडमधून आत घ्या आणि राहिलेली भोकं बुजवा. पाल आणि मुंग्या गरम डब्यात घर करतात. टबचं सर्व्हिस पॅनल ज्या बाजूला उघडतं तिथे माणूस बसून काम करू शकेल एवढी जागा सोडा आणि मीटरभर केबल जादा ठेवा.

जोडणी तुमच्या हातून नको, परवानाधारकाकडूनच करून घ्या. तपासणीला मात्र तुम्ही जवळ उभे राहा. टब जोडण्याआधी केबलचं इन्सुलेशन मेगरने मोजलं पाहिजे, १ मेगाओहमच्या खाली आलं तर पुढे जायचं नाही. आरसीसीबी किती मिलिसेकंदात पडते तेही मीटरवर दाखवायला सांगा. नंतर दर महिन्याला तिचं टेस्ट बटण तुम्ही स्वतः दाबा, टबमध्ये कोणी नसताना. पहिल्या महिन्यानंतर वायरमनला परत बोलावून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, कारण २४ अँपिअर तासन् तास वाहिले की सैल जोड आधी तापतात.

चर बुजवण्याआधी त्यात टेप ठेवून फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे. त्यांची प्रिंट डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.