टाकी किती वेळात रिकामी होईल? इंजिनिअरिंगसाठी प्रोग्रॅमिंग असं शिका

पहिल्या वर्षी मूळ संख्या शोधायच्या, चांदण्यांचा पिरॅमिड छापायचा आणि पास व्हायचं. पुढे फ्लुइड मेकॅनिक्सच्या गणितात घोडं अडलं, की लॅपटॉप उघडावा असं सुचतच नाही. म्हणून सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांनी अख्खी भाषा शिकण्याची वाट पाहू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी एक खरा प्रश्न हातात घ्या. तो सोडवताना लागेल तेवढी भाषा शिकत जा.

साधनांवर फार वेळ घालवू नका. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मोफत आहे. लॅपटॉप जुना असेल तर गूगल कोलॅब वापरा, त्यात पायथॉन ब्राउझरमध्येच चालतं. कॉलेजात मॅटलॅब शिकवत असतील तर घरी बरंचसं तसंच चालणारं ऑक्टेव्ह घ्या, तेही मोफत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत.

आधी वही

प्रश्न घरचाच घेऊ. गच्चीवरची टाकी धुवायची आहे. टाकीचा व्यास १.१ मीटर, पाणी १ मीटर, म्हणजे साधारण ९५० लिटर. तळाशी २५ मिलिमीटरचं भोक. टाकी किती वेळात रिकामी होईल?

टोरिचेलीचा नियम सांगतो, की पाण्याचा वेग म्हणजे २ × गुरुत्वीय त्वरण × पाण्याची उंची, याचं वर्गमूळ. प्रत्यक्षात भोकातून हिशोबापेक्षा कमी पाणी जातं. ते किती पट, हे सांगणारा आकडा म्हणजे डिस्चार्ज कोइफिशंट. धारदार कडेच्या भोकासाठी तो ०.६ धरा. पातळी उतरते तसा वेगही घटतो, म्हणून साध्या भागाकाराने भागत नाही. इंटिग्रेशन करावं लागतं. उत्तर येतं सुमारे १४५७ सेकंद, म्हणजे २४ मिनिटांच्या थोडं वर. सात मिनिटांनंतरची पातळी ५०.७ सेंटिमीटर. हे दोन्ही आकडे वहीत ठळक लिहून ठेवा.

हाताने उत्तर आलंच आहे, तर प्रोग्रॅम कशाला? कारण उद्या टाकी खाली निमुळती असेल, किंवा ती रिकामी होत असतानाच वरून मोटारचं पाणी पडत असेल. तेव्हा कागदावरचं इंटिग्रेशन अवघड होतं, प्रोग्रॅममध्ये मात्र एखाद-दुसरी ओळ बदलावी लागते. पण जो प्रोग्रॅम माहीत असलेलं उत्तर देत नाही, त्याच्या माहीत नसलेल्या उत्तरावर विश्वास कसा ठेवणार?

मग लूप

ऑयलरची पद्धत सर्वांत सोपी. आत्ताच्या उंचीवरून वेग काढा, पुढच्या एका पायरीत पातळी किती उतरेल ते काढा, वजा करा, वेळ पुढे सरकवा, पुन्हा तेच. पाच-सहा ओळींचं काम.

पायरी ६० सेकंदांची ठेवली, तर सात मिनिटांनंतर पातळी ४९.६ सेंटिमीटर येते. वहीत ५०.७ आहे. कोडमध्ये चूक नाही. पूर्ण मिनिटभर वेग तोच राहतो असं आपण धरलं, म्हणून पाणी खऱ्यापेक्षा जास्त उतरलं. पायरी १ सेकंदाची करा, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत येईल. हा प्रयोग स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका. न्यूमरिकल मेथड्सच्या पुस्तकातला ‘एरर’ इथे डोळ्यांनी दिसतो.

टाकी संपत आली की आणखी एक गंमत होते. शेवटच्या पायरीत उंची शून्याखाली जाते, ऋण संख्येचं वर्गमूळ निघत नाही आणि प्रोग्रॅम थांबतो. उंची शून्यापेक्षा जास्त असेल तोवरच लूप चालेल, अशी अट घाला.

एककं मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये गमावलं, ते एका सॉफ्टवेअरने न्यूटन-सेकंदांऐवजी पाउंड-सेकंदांत आकडे दिल्यामुळे. चलाच्या नावातच एकक लिहा. पायथॉन ३ मध्ये ‘उंची_मीटर’ असं देवनागरी नावही चालतं. गटात काम करताना इंग्रजी नावं बरी.

टाकी खरोखर उघडा

टाकी धुवायच्या दिवशी आत पट्टी उभी करा आणि दर मिनिटाला पातळी टिपा. पाणी झाडांना, कूलरला वापरा. पातळी भोकापासून मोजा. मोजलेले बिंदू आणि प्रोग्रॅमची रेषा मॅटप्लॉटलिबने (पायथॉनमध्ये आलेख काढायची लायब्ररी) एकाच आलेखावर काढा. त्या बहुधा जुळणार नाहीत, कारण घरच्या टाकीला भोक नसतं, पाइप आणि कॉक असतो. ०.६ चा आकडा बदलत रेषा बिंदूंवर आणा. हाच तुमच्या टाकीचा कोइफिशंट. माझ्या मते इथून खरं इंजिनिअरिंग सुरू होतं.

पुढचा प्रश्न: कूलर

नागपुरात राहून हा प्रश्न सोडायचा नाही. वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा वेट बल्ब तापमानाच्या, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते त्या तापमानाच्या, खाली जाऊ शकत नाही. हे तापमान काढायच्या समीकरणात ते घातांकाच्या आतही असतं आणि बाहेरही, त्यामुळे ते एका बाजूला काढता येत नाही. इथे बायसेक्शन शिका: ० ते ४५ अंशांची पट्टी घ्या, मध्यावर तपासा, उत्तर नसलेला अर्धा भाग टाका. दहा फेऱ्यांत उत्तर ०.०५ अंशाच्या आत येतं.

मे महिन्यातले ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता घातली की वेट बल्ब २४ अंशांच्या आसपास येतं. कूलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, म्हणजे हवा आणि वेट बल्ब यांतल्या फरकाच्या ८० टक्के घट होते असं मानलं, तर हवा साधारण २८ अंशांची मिळते, म्हणजे १७ अंशांची घट. आता ऑगस्टचे ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता घाला: वेट बल्ब २८ च्या वर, घट जेमतेम ३ अंश.