बेलमच्या अंधारात दिवा कोठून धरावा

पुण्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला गुहा म्हटले की पाताळेश्वर, कार्ले, भाजे आठवतात. ही सगळी लेणी आहेत. माणसाने बेसाल्टमध्ये छिन्नी-हातोड्याने कोरलेली. पाण्याने खडक विरघळवून घडवलेली गुहा पाहायची, तर आपला काळा पत्थर सोडून चुनखडकाच्या मुलखात जावे लागते. भूशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी मी अशी गुहा प्रथम पाहिली आणि दुसऱ्या वर्षी तिची छायाचित्रे घेण्यासाठी पुन्हा गेलो. या दोन फेऱ्यांमध्ये जे शिकलो, ते पहिल्यांदाच क्षेत्रीय छायाचित्रणाचे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे.

आंध्र प्रदेशातील बेलम गुहा पुण्याहून गाठणे फारसे अवघड नाही. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल या मार्गाने जाणाऱ्या चेन्नईकडील गाडीने ताडिपत्री येथे उतरावे. तेथून गुहा सुमारे 30 किलोमीटरवर आहे. हा भाग पूर्वी कर्नूल जिल्ह्यात होता, 2022 पासून नंद्याळ जिल्ह्यात आहे. रायलसीमेचा उन्हाळा कडक असल्याने थंडीतच जावे. सपाट शेतजमिनीत विहिरीसारखे खड्डे दिसतात आणि त्यांतील एकातून पायऱ्या उतरून आपण थेट खडकाच्या पोटात जातो. 1884 मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली आणि 1982 व 1983 मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने तिचे सविस्तर सर्वेक्षण केले. मोजलेली लांबी 3,229 मीटर आहे; पर्यटकांना त्यातील एक भागच पाहता येतो. सर्वांत खोल जागा पाताळगंगा, प्रवेशद्वाराच्या पातळीपासून सुमारे 46 मीटर खाली.

पहिल्या फेरीत मी दोनशेच्या आसपास फोटो काढले आणि परत आल्यावर मोठ्या उत्साहाने सरांना दाखवले. त्यांनी पाच-सहा फोटो पाहून दोनच प्रश्न विचारले. ‘‘यात माप कुठे आहे? आणि दिवा कुठून धरला होतास?’’ दोन्हींची उत्तरे माझ्याकडे नव्हती. दिवा म्हणजे कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश होता. समोरून पडलेल्या त्या उजेडाने खडकाचे सगळे उंचसखलपण पुसून टाकले होते, हवेतले सूक्ष्म जलकण पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटले होते आणि दगडाचा तो आकार बोटाएवढा आहे की माणसाएवढा, हे कोणालाही सांगता आले नसते. भूशास्त्रात असा फोटो पुरावा म्हणून चालत नाही.

दुसऱ्या फेरीची तयारी म्हणून मी तपकीर गल्लीतून दोन साध्या एलईडी बॅटऱ्या आणल्या आणि विभागातील स्टिल्बाइट व अपोफिलाइट या स्फटिकी खनिजांचे नमुने अंधाऱ्या खोलीत ठेवून आठवडाभर सराव केला. हा सराव प्रत्येकाने करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण गुहेत शिकायला वेळ नसतो; मागून लोक येत असतात, घाम गळत असतो आणि हाताला बटण सापडत नाही. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 100 ते 200, भिंगाचे छिद्र एफ 8 आणि 20 ते 30 सेकंदांचे उद्भासन (शटर उघडे राहण्याचा वेळ), एवढे ठरवून टाकले की उरतो तो फक्त दिव्याचा प्रश्न. शटर उघडे असताना बॅटरी सतत हलवत खडकावरून रंगाचा हात द्यावा तसा उजेड फिरवायचा; एका जागी थांबलात तर तेवढाच भाग जळतो. फोकस बॅटरीच्या उजेडात हाताने जुळवून मग तसाच ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. बेलमच्या भिंतींवर एके ठिकाणी वाटीएवढे खळगे शेजारी-शेजारी दाटलेले मला दिसले. पहिल्या वर्षीच्या माझ्या फोटोंत तीच भिंत सपाट, मळकट करडी आली होती. या वेळी बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून डाव्या बाजूने धरली, तेव्हा प्रत्येक खळग्याची एक कड उभी आणि दुसरी सौम्य उताराची असल्याचे सावल्यांनी लगेच दाखवून दिले. असे खळगे वाहत्या पाण्याने खडक विरघळून तयार होतात. त्यांची उभी बाजू प्रवाह ज्या दिशेकडून आला तिकडे असते आणि खळगे जितके लहान, तितका प्रवाहाचा वेग अधिक. म्हणजे आज कोरड्या असलेल्या त्या वाटेने कधी काळी पाणी कोणत्या बाजूने आले, हे एका तिरप्या उजेडाने वाचता आले. मी खालच्या कोपऱ्यात सेंटिमीटरची पट्टी ठेवली, दिशा होकायंत्राने नोंदवली आणि उजेड उजवीकडून धरून दुसरा फोटो घेतला, कारण एकाच बाजूच्या सावलीत खळगा उंचवट्यासारखा भासू शकतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की हा संशय राहत नाही.

छतावरून लोंबणाऱ्या आणि जमिनीवरून उभ्या राहणाऱ्या खनिजरचनांना शाळेच्या भूगोलात आपण अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतो. नावात लवण असले तरी येथे मिठाचा संबंध नाही. हे बहुतांशी कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज असते. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडक विरघळवत खाली उतरते आणि गुहेच्या हवेत तो वायू सोडून देते. मग विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपाने साठू लागतो. बेलममध्ये ‘वेयि पडगलु’, म्हणजे हजार फणांचे दालन आहे. छतावरच्या रचना फणा काढलेल्या नागांसारख्या दिसतात म्हणून हे नाव. येथे बाजूचा उजेड पुरत नाही. रचना पातळ असेल तर बॅटरी तिच्या मागे न्यावी. उजेड आरपार येतो, मधासारखा रंग उजळतो आणि साठत गेलेल्या थरांचे पट्टे दिसू लागतात. गुहेतील पिवळे दिवे आणि आपली पांढरी बॅटरी यांचे मिश्रण रंगांचा घोळ करते. म्हणून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात फोटो घ्यावेत आणि नंतर रंग जुळवता यावेत यासाठी प्रत्येक जागी एकदा करडे कार्ड धरून फोटो घ्यावा.

पाताळगंगेकडच्या ओलसर भागात एका टोकावर थेंब जमताना मी बराच वेळ पाहिला. आधी टोकाला ओलावा चमकतो, मग तो फुगत जातो, त्याच्या पोटात बॅटरीचे उलटे प्रतिबिंब दिसते आणि तो सुटल्यावर टोकाच्या कडेला पाण्याचे अगदी पातळ कडे मागे राहते. कॅल्साइट साठतो तो या कड्यावर. एका वर्षाची वाढ बहुधा मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते. आपल्या बोटांचा तेलकटपणा अशा जागी लागला की पाणी पूर्वीसारखे पसरत नाही आणि वाढ खुंटू शकते. म्हणून हात लावू नये, तिपाईचे पाय रचनांवर टेकवू नयेत आणि तुटून पडलेला तुकडासुद्धा खिशात घालू नये. सप्तस्वर दालनात लवणस्तंभांवर टकटक केल्यास सूर निघतात आणि अनेक पर्यटक तसे करताना दिसतात. शिकणाऱ्याने ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिपाईसाठी परवानगी आधीच विचारावी आणि विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र जवळ ठेवावे.

एवढी काळजी घेण्याचे कारण असे की या रचना पावसाच्या नोंदवह्या असतात. मेघालयातील मॉम्लूह गुहेतल्या एका लवणस्तंभाच्या आधारे सुमारे 4,200 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला 2018 मध्ये ‘मेघालयन’ हे नाव अधिकृतपणे मिळाले. पुण्यात पाषाण येथील आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संशोधन संस्थेतही प्राचीन मान्सूनचा अभ्यास चालतो. या वाटेने जाण्याची इच्छा असणाऱ्याने जागेवरच्या नीट नोंदीची सवय विद्यार्थिदशेतच लावून घ्यावी. नमुना कोठून, कोणत्या थरातून घ्यायचा आणि घ्यायचा की नाही, हे ठरवताना आधी घेतलेले फोटोच उपयोगी पडतात.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. आत उकाडा आणि दमटपणा फार असतो. ताजी हवा सोडण्याची सोय असली तरी वातानुकूलित गाडीतून थेट उतरलात तर भिंगावर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास गुहेच्या तोंडाशी राहू द्यावा. दुसरे, फोटो घेताना श्वास रोखावा किंवा मान वळवून सोडावा, नाहीतर आपलाच श्वास धुक्यासारखा चित्रात येतो.

ताडिपत्रीच्या लॉजवर त्या रात्री मी जेवणाआधी वही पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी कोणती भिंत कोठे होती हे आठवत नाही, हा पहिल्या वर्षीचा अनुभव होता. फोटोचा क्रमांक, गुहेच्या नकाशावरील जागा, कॅमेऱ्याची दिशा, दिव्याची बाजू, पट्टी आहे की नाही, असे रकाने आखले होते. या वेळी फोटो फक्त एकतीस होते. वही पाहून झाल्यावर सरांनी त्यातले खळग्यांचे दोन फोटो बाजूला काढले, पेन्सिलने प्रवाहाच्या दिशेचा बाण काढला आणि विचारले, ‘‘पलीकडच्या फाट्यातली भिंत अशीच घेतली आहेस का?’’ ती घेतलेली नव्हती.