'चार्ज' म्हणजे फक्त पैसे नव्हेत. या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नवीन पोराच्या हातात कागद दिला : 'चार्ज द फर्नेस'. पोरगं भट्टीचं बटण शोधत बसलं. मिस्त्री ओरडला, "लेका, भंगार भर म्हणतंय ते!" भट्टीत टाकायचा माल म्हणजे चार्ज. शब्दाचं मूळही तिथलंच. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी, आणि त्यावरून गाडीत माल लादणं.

आपला 'भार' असाच आहे : कार्यभार, प्रभारी, विद्युतभार, अधिभार. म्हणून अर्थ अडला की आधी 'भार' बसतोय का बघा. लाठीचार्जला नाही बसत, तिथं सरळ हल्लाच.

सगळ्यात महागात पडते ती बँकेच्या कागदातली चूक. 'चार्ज ऑन द प्रॉपर्टी' म्हणजे फी नव्हे, तो सातबाऱ्यावरचा बोजा. कर्ज फिटल्यावर आमच्या चुलत्यांना पत्र आलं, त्यात 'रिलीज ऑफ चार्ज' असं होतं. आता काही द्यायचं नाही, एवढंच समजून त्यांनी ते कपाटात ठेवलं. खरं तर तेच पत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा उतरवून घ्यायचा होता. दोन वर्षांनी जमीन विकायला काढली, तर बोजा जाग्यावरच!

पोलिसांच्या बातमीत दोन घोटाळे होतात. 'अक्यूज्ड' पुढं 'ऑफ' येतं, 'चार्ज्ड' पुढं मात्र 'विथ'. आणि चार्जशीट पोलीस दाखल करतात, 'फ्रेमिंग ऑफ चार्जेस' म्हणजे आरोपनिश्चिती कोर्ट करतं. यातलं काहीही झालं म्हणून गुन्हा शाबीत होत नाही.

एका 'द'नं माणूस उलटा होतो. 'शी इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन' म्हणजे पोरं तिच्या ताब्यात. 'द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ देअर आन्ट' म्हणजे पोरं मावशीच्या हवाली. पहिल्यात सांभाळणारा आधी येतो, दुसऱ्यात सांभाळला जाणारा.

रिक्षावाल्यानं रंकाळ्यापर्यंत पन्नास घेतले तर 'ही चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज'. मधे 'टू' घालू नका. रिक्षावाल्याशी वाद घालायचा तर तो मराठीतच घाला.

आणि 'माय मोबाईल इज इन चार्जिंग' हे आपलं घरगुती इंग्रजी. 'इज चार्जिंग' म्हणा, 'इन' काढा.